सायकलचे सुटे भाग अदलाबदल करताना: रत्नागिरीतल्या खाऱ्या हवेत जमलेली पद्धत

काही वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या सायकलीचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाला दिले. ब्रेक उत्तम चालत होते. त्याने ते बसवले, लिव्हर थोडी मऊ लागली म्हणून तेल भरायला जवळच्या मोटारसायकल गॅरेजात नेले. तिथे मोटारसायकलला घालतात ते डॉट ४ तेल भरलं गेलं. माझे ब्रेक मिनरल ऑइलवर चालणारे. डॉटमुळे आतली रबरी सीलं फुगली आणि काही दिवसांनी दाबलेली लिव्हर परत येईना. हे सपाटीवर कळलं, आरे-वारेच्या उतारावर नाही, म्हणून तो मुलगा धड राहिला. चूक त्याची नव्हती, गॅरेजवाल्याचीही नव्हती. तेल कुठलं ते मी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या सायकलवाल्या मंडळीत एकही पार्ट माहितीच्या चिठ्ठीशिवाय हात बदलत नाही. रत्नागिरीत रोजच्या वापराच्या सायकलीची कामं आळीतल्या दुकानात होतात, पण ठरावीक मापाची बीबी (फ्रेमच्या तळाशी पेडलचे दांडे ज्यावर फिरतात ती बेअरिंगची जोडणी) किंवा दहा स्पीडचा, म्हणजे मागच्या दहा चकत्यांसाठीचा, शिफ्टर (गिअर बदलायची कळ) लागला की बऱ्याचदा कोल्हापूर-पुण्याहून मागवावा लागतो. २०२० आणि २०२१ मध्ये तर जगभरच सायकलच्या पार्टचा तुटवडा होता. तेव्हा लोकांनी माळ्यावरच्या पिशव्या उघडल्या आणि एकाच्या अडगळीतलं दुसऱ्याच्या सायकलीला लागतं हे दिसलं. पुढे लिहिलंय ते त्यातून शिकलेलं. चिपळूण, मालवण, अलिबाग, कुठेही चालेल.

आधी वही

पाचसहा सायकलस्वार पुरतात. पहिल्या भेटीत पार्ट आणू नका, सायकली आणा. प्रत्येक सायकलीला वहीत एक पान द्या: टायरवरचा नंबर, व्हॉल्व्हचा प्रकार, मागे दातेरी चकत्या किती, कॅसेट की फ्रीव्हील (चकत्यांचा गठ्ठा चाकावर बसवायचे दोन प्रकार), ब्रेकचा प्रकार, सीटपोस्टचा (सीटखालच्या दांड्याचा) व्यास, हँडलचा व्यास. एका सायकलीला पाऊण तास लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण हे न करता जमवलेल्या पार्टची पेटी उघडली तर प्रत्येक जण "हे माझ्या सायकलीला बसेल का?" एवढंच विचारत राहतो आणि उत्तर कुणाकडेच नसतं.

त्याच भेटीत कुणाकडे कुठलं हत्यार आहे ते लिहून घ्या. कॅसेट काढायचा लॉकरिंग टूल आणि चेन-व्हिप, बीबीचा टूल, पेडलचा १५ चा पाना, केबल कटर, व्हर्नियर कॅलिपर. ही हत्यारं वर्षातून दोनदा लागतात, प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. माझ्या मते पार्टपेक्षा हत्यारांची देवाणघेवाण जास्त मोलाची, कारण हत्यार झिजत नाही आणि त्याच्यासोबत ते चालवणारा माणूसही येतो.

वेळ दोनच चांगल्या. एक मे महिन्यात, पावसाळ्याच्या बेगमीबरोबर: मडगार्ड, ब्रेक पॅड, जाड खाचांचे टायर तेव्हा लागतात. दुसरी खंडेनवमीच्या आसपास. हत्यारं पूजेला काढायचीच असतात, ती पुसून, तेल लावून पाटावर मांडली की पार्टची पेटीही तेव्हाच उघडावी. पावसाने काय खाल्लं ते तोवर कळलेलं असतं.

मीठ धुवा, मग बघा

भाट्याच्या किंवा मांडवीच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यात वर्षभर उभी असलेली सायकल कधीच वाळूत गेली नसली तरी तिच्यावर मीठ बसलेलं असतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पाऊस नसतानाही गंज चालूच राहतो. पार्ट काढायच्या आधी पूर्ण सायकल गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर निदान शेवटची बादली नळाची घ्या. पाण्याची जोरदार धार हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आणि बीबीवर मारू नका, ती ग्रीस बाहेर आणि पाणी आत ढकलते. चेन आणि चकत्या रॉकेलने किंवा डिग्रीझरने वेगळ्या धुवा. त्याचा एकही थेंब डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर जाऊ देऊ नका. आपली लाल माती तेलात कालवली की पॉलिश पेपरसारखी घासते. ती निघेपर्यंत झीज दिसतच नाही.

कोकणात सगळ्यात जास्त अडतं ते सीटपोस्टपाशी. फ्रेम लोखंडी, पोस्ट ॲल्युमिनियमचा, मधे खारट ओल: दोन वेगळे धातू आणि मीठपाणी मिळून जवळजवळ बॅटरीच तयार होते. ॲल्युमिनियम पांढरी भुकटी धरतं, फुगतं आणि पोस्ट नळीत घट्ट बसतो. असा पोस्ट हातोडीने ठोकू नका. क्लॅम्प सोडा, सांध्यावर गंज सोडवणारं तेल टाका, दोन दिवस थांबा, मग सीट धरून डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत वर ओढा. निघाला की नळी आतून पुसा आणि परत घालताना ग्रीस लावा. दरवर्षी एकदा पोस्ट काढून ग्रीस लावणाऱ्यावर ही वेळ येत नाही. कार्बनच्या पोस्टला मात्र ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते.

पेडल काढताना बरेच जण डावं पेडल उलट पिळून आणखी आवळतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची सोपी खूण: पाना पेडलवर उभा धरा, त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंना असंच सुटतं.

माप: इथे वेळ घालवा

टायरवर "२६" लिहिलंय म्हणून तो तुमच्या २६ च्या रिमवर बसेल असं नाही. इंचाचे आकडे जुन्या परंपरेतून आलेत, एकाच आकड्याखाली तीन-चार वेगळे व्यास लपलेले असतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन आकड्यांची जोडी असते, उदाहरणार्थ ५०-५५९. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. वहीत हीच जोडी लिहा.

जुन्या एमटीबीचं (डोंगरी सायकलीचं) २६ म्हणजे ५५९. २६ x १ ३/८ म्हणजे ५९०. २६ x १ १/२ म्हणजे ५८४, आणि गंमत अशी की हल्लीचं २७.५ सुद्धा ५८४ च. ७००सी आणि २९ दोन्ही ६२२, म्हणून २९ च्या रिमवर ७००सी चा टायर व्यासाने बसतो, फक्त रिमच्या रुंदीला तो फार बारीक नसावा. आणि वडिलांच्या काळातली २८ इंची उभी सायकल ६३५. तिचे टायर अजून आळीतल्या दुकानात मिळतात, ते बदलीत मागायची गरजच नाही.

ट्यूब घेताना व्हॉल्व्ह बघा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह, फ्रेंच म्हणतात तो बारीक, आणि साध्या सायकलीचा रबरी नळीवाला. बारीक व्हॉल्व्ह मोठ्या भोकात कडं घालून चालतो. जाड व्हॉल्व्ह बारीक भोकात जात नाही, आणि अरुंद रिमला ड्रिल मारून भोक मोठं करणं म्हणजे रिम कमकुवत करणं. ट्यूब देणाऱ्याने ती फुगवून पाण्यात बुडवून दाखवावी. त्यात संकोच नको.

मागच्या चकत्या कॅसेटच्या आहेत की फ्रीव्हीलच्या, हे चाक न उघडता कळतं. चाक काढून हातात घ्या, मधल्या टूलच्या खाचांकडे बघत चकत्या मागच्या दिशेने फिरवा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं, त्यामुळे साध्या सायकलींत बहुतेक एकमेकांना चालतं. कॅसेटचं गणित थोडं वेगळं. शिमानो कंपनीच्या ८, ९ आणि १० स्पीड कॅसेट एकाच लांबीच्या हबवर बसतात. ७ ची कॅसेट त्या हबवर घालायची तर ४.५ मिलिमीटरचं कडं लागतं. ११ स्पीडचा रोड हब १.८५ मिलिमीटरने लांब, त्यावर ८-९-१० घालायची तर तेवढं कडं हवं. ही कडी हरवतात. कॅसेटबरोबर तारेत ओवून द्या.

आपल्याकडे मोठ्या चकतीची कॅसेट पेटीत टिकत नाही. भाट्याचा पूल संपला की चढ, पावसकडे चढ, गणपतीपुळ्याच्या किनारी रस्त्यावर चढ-उतार सतत. २८ दातांवर दमणारा माणूस ३४ ची कॅसेट बघून खूश होतो आणि घेऊन जातो. थांबवा त्याला. त्याचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती दातांपर्यंत चालतो ते आधी बघायचं, शिवाय चेनही काही कड्या लांब लागते. चेन अपुरी असेल आणि पुढे मोठी, मागे मोठी चकती लागली तर डिरेलर खेचला जाऊन वाकतो किंवा तुटतो.

शिफ्टर आणि डिरेलर एकाच घराण्याचे हवेत. स्रॅमचा एमटीबी शिफ्टर आणि शिमानोचा डिरेलर एकत्र चालत नाहीत, कारण एका क्लिकला केबल किती ओढायची हे दोघांचं वेगळं. ब्रेकचंही तसंच: व्ही-ब्रेकला (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या लांब हातांच्या ब्रेकला) जास्त केबल ओढणारी लिव्हर लागते, रोड सायकलची लिव्हर कमी ओढते. बसवता येतात म्हणून लोक बसवतात, आणि मग लिव्हर हँडलला टेकेपर्यंत ब्रेक लागत नाही.

चेनसाठी फक्त एक पोलादी पट्टी लागते, इंचाची. चेन ताणून धरा, पट्टीचा शून्य एका पिनच्या बरोबर मध्यावर ठेवा, १२ इंचाच्या खुणेपाशी बघा. नव्या चेनमध्ये तिथे पिनचा मध्य येतो, कारण चेनचा टप्पा अर्ध्या इंचाचा. पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन अर्धा टक्का लांबली, ती कुणाला देण्याच्या लायकीची नाही. १/८ इंच पुढे गेली असेल तर त्या सायकलीच्या चकत्याही बहुधा गेल्यात, त्या पेटीत टाकू नका. झिजलेली चेन नव्या कॅसेटवर चढवली की ती कॅसेट आपल्यासारखीच करून घेते. चेनची रुंदीही लिहा: ६, ७ आणि ८ स्पीडला एकच चेन चालते, पुढे ९, १०, ११ ला प्रत्येकी वेगळी.

उरलेलं झटपट. सीटपोस्टचा व्यास पोस्टवरच खोदलेला असतो, २७.२, ३०.९, ३१.६ असा. ०.४ च्या फरकानेही अंदाजाने घालू नका, ढिला पोस्ट नळीचं तोंड फाडतो. हँडल मधे २५.४ की ३१.८, ते व्हर्नियरने बघा. ब्रेकची डिस्क सहा स्क्रूची की सेंटरलॉक (मधे एकाच कड्याने आवळलेली), १६० की १८० मिलिमीटरची. डिरेलरचा हँगर (डिरेलर फ्रेमला ज्यावर लटकतो ती पट्टी) फ्रेमप्रमाणे असतो, तो दुसऱ्याचा मागू नका, आपल्या फ्रेमचा एक जादा घेऊन ठेवा. मोडला तर त्याशिवाय घरी येणं अवघड.

चिठ्ठी

जाड पुठ्ठ्याचा तुकडा, दोऱ्याने बांधलेला. पेन नको, पेन्सिल वापरा. जुलैच्या दमटपणात शाई पसरते, पेन्सिल राहते. आमच्या पेटीतली एक चिठ्ठी अशी आहे:

मागची कॅसेट, ८ स्पीड, ११-३२
शिमानो हब, कडं लागत नाही
दोन पावसाळे, चेन एकदा बदलली
का काढली: मला मोठी चकती हवी होती
दोष: तिसरी चकती जोर दिल्यावर कधीतरी सटकते

यातली चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. "का काढली" हे लिहायला लोक कचरतात, आणि नेमकं तेच घेणाऱ्याला हवं असतं. नवीन घेतली म्हणून काढली, का आवाज करायची म्हणून काढली, का पडलो तेव्हापासून वाकडी वाटते म्हणून काढली, या तीन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर तेलाचं नाव मोठ्या अक्षरांत, ठळक. शिमानो आणि टेक्ट्रोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकला डॉट.

आणखी एक प्रश्न आम्ही विचारतोच: पाण्यात होता का? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा कित्येक सायकली चिखलात बुडून राहिल्या. त्यांतल्या पुष्कळ धुऊन, पुसून पुन्हा चालू झाल्या आणि त्यांचे पार्ट अजून फिरतात. त्यात गैर काही नाही, घरातलं सगळं गेलेल्या माणसाने सायकल वाचवली तर ती वापरलीच पाहिजे. पण पुराचा गाळ फार बारीक असतो, तो हबच्या कोनात (छर्रे दाबून धरणाऱ्या शंकूत) आणि छऱ्यांत जाऊन बसतो. असा हब घेतलात तर एक्सल दोन बोटांत धरून हळू फिरवा. खरखर जाणवली तर उघडा, जुने छर्रे टाका, कटोरी आणि कोन रॉकेलने धुऊन उजेडात तिरकी धरून बघा. ज्या वर्तुळात छर्रे धावतात तिथे खड्डे पडले असतील तर नवे छर्रे घालूनही खरखर जाणार नाही. वर्तुळ गुळगुळीत असेल तर नवे छर्रे, भरपूर ग्रीस, आणि हब पुढची कित्येक वर्षं चालेल. अख्खी फ्रेम घेतली तर सीटपोस्ट काढून ती उलटी करा, नळ्यांत साचलेलं पाणी आणि माती निघते.

फ्रेम किंवा पूर्ण सायकल हात बदलत असेल तर बीबीच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर दोघांच्या नावांसकट वहीत लिहा. चोरीची सायकल पेटीत येऊ नये याची ती एकमेव खात्री.

किंमत

आम्ही दोन वाटा केल्यात. झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे टायर, ट्यूब, पॅड, केबल, या फुकट किंवा चहापाण्यावर. टिकाऊ वस्तू, म्हणजे शिफ्टर, डिरेलर, चाकं, क्रँक (पेडलचे दांडे), या बदलीत किंवा ठरवलेल्या पैशांत. पंधरा दिवस लावून बघायचं, नाही जमलं तर तशीच परत. या मुदतीवर तडजोड करू नका, कारण गिअर जुळले की नाही हे दारात चक्कर मारून कळत नाही, चढावर कळतं.

गावाबाहेरच्या ओळखीच्या सायकलस्वारांनाही यात घ्या. गुहागरला जायचं तर जयगड-तवसाळ फेरीबोटीतून सायकल नेता येते, पुढे दापोलीकडे धोपावे-दाभोळ आहे. रविवारच्या चकरेत पाठीवरच्या पिशवीत एखादा पार्ट सहज पोचतो, आणि जाताना-येताना घेणाऱ्याची सायकल डोळ्यांनी बघता येते.

पेटी म्हणून आम्ही लाकडी आंबापेटी वापरतो. आतला पेंढा आधी काढून टाका, तो ओल धरतो. लोखंडी पार्टला तेलाचा हात, वर्तमानपत्र, मग झाकणाच्या डब्यात, आणि डबा जमिनीपासून वर. पडवीत ठेवू नका, पागोळ्यांचे शिंतोडे तिथवर येतात. पॅड आणि डिस्क मात्र तेलाच्या डब्यात कधीच नको.

जे घेऊ नये, देऊ नये

आपटलेलं हेल्मेट. आतला फोम एकदाच दबतो, बाहेरून काही दिसत नाही. इतिहास माहीत नसलेलं कुठलंही हेल्मेट याच गटात. पडलेल्या सायकलीचं कार्बन हँडल किंवा चिमटा (पुढचं चाक धरणारा). तेल लागलेले पॅड, ते घासून किंवा भाजून सुधारतात असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. १.५ मिलिमीटरपेक्षा पातळ झालेली शिमानोची डिस्क, नवी १.८ असते. ब्रेक घासून बाजू आत वळलेली रिम. पावसाळ्यात लाल चिखलातून रिम ब्रेक वापरणाऱ्यांच्या रिम लवकर झिजतात, बाजूवर नखाने अंतर्वक्र खळगा जाणवला की ती रिम संपली.

सल्ला देता-घेता

सल्लाही मोजूनच द्यावा. "गिअर सटकतात" एवढ्यावर कुणी उत्तर देऊ नये. विचारायचं: कुठल्या चकतीवर? जोर दिल्यावर की बदलताना? कधीपासून? एकाच चकतीवर जोर दिल्यावर सटकत असेल तर ती चकती झिजली. सगळ्यांवर बदलताना अडखळत असेल तर केबल, तिच्या नळीतला गंज किंवा वाकलेला हँगर. आमच्या आळीत कित्येक वर्षं सायकली दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांच्याकडे मी एकदा धावत गेलो की डिरेलर बदलायचा आहे. ते म्हणाले, "अरे, केबल काढून बघितलीस काय आधी?" केबल नळीत पुरती गंजली होती. काही रुपयांत काम झालं, आणि बदलीत आणलेला डिरेलर मी चिठ्ठीसकट पेटीत परत ठेवला.

हवेच्या दाबाबद्दलही तसंच. ८५ किलोच्या माणसाचा आकडा ५५ किलोच्या मुलीला सांगू नका. टायरवर छापलेली मर्यादा, वजन आणि रस्ता, तिन्ही विचारा. आणि ब्रेक, चिमटा, हँडल यांबद्दल शंका असेल तर "माहीत नाही, दुकानात दाखव" असं सांगायला जराही अनमान करू नका.

बाद ठरलेल्या पार्टचं काय? लांबलेली चेन, दात झिजलेल्या चकत्या भंगारवाल्याला. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापा, कॅरिअरला सामान बांधायला त्यांच्यासारखं काही नाही. पण तडा गेलेलं हँडल, वाकलेला चिमटा, आपटलेलं हेल्मेट तसंच देऊ नका, कुणीतरी उचलून पुन्हा बसवतं. हँडल करवतीने मधोमध कापा. हेल्मेटचे पट्टे कापून काढा. माझे ते सील फुगलेले ब्रेक त्या मुलाने परत आणून दिले, तेव्हा मी त्यांचे होज कापले, लिव्हर फोडली आणि मगच ते भंगारात गेले.